सर्वानुमते मंजूर

मराठी सिनेमाने मुख्यमंत्र्यांचं दालन दाखवलं, साखरसम्राटाचा वाडा दाखवला, गावच्या चावडीवर तर तो वर्षानुवर्षं मुक्कामालाच होता. महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत मात्र तो जवळजवळ कधी जाऊन बसला नाही. नगरसेवक आपल्याकडे पात्र म्हणून येतो तो पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात साखळी घालून, मागे चार पोरं घेऊन. तो फ्लेक्सवर दिसतो, उद्घाटनाला दिसतो, बिल्डरच्या ऑफिसात दिसतो. ज्या एका खोलीत त्याचं तोंड उघडणं कायद्याने महत्त्वाचं ठरतं, त्या खोलीत आपला कॅमेरा शिरत नाही.

हे का खटकावं? २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातली ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती. म्हणजे हा लेख मोबाइलवर वाचणाऱ्या बहुतेकांचं पाणी, कचरा, फुटपाथ, मालमत्ता कर आणि घरासमोरच्या रस्त्याची रुंदी या गोष्टी एका सभेत ठरतात, किंवा ठरायला हव्यात. आपल्या आयुष्याला सगळ्यात जवळून भिडणारं नाटक तिथे चालतं आणि आपल्या कलेला त्याचा पत्ता नाही.

नागपूरच्या गांधीबागेचं उदाहरण घ्या. थोक कापडाचा बाजार, दुकानांतून हातगाडीवर चढणाऱ्या कापडाच्या गाठी, सेंट्रल अव्हेन्यूवरून डोक्यावरून जाणारी मेट्रो, अग्रसेन चौकातली कोंडी. महापालिकेच्या दहा झोनपैकी एक झोन याच गांधीबागेच्या नावाचा. इथून जाणाऱ्या जुन्या भंडारा रोडचं रुंदीकरण, मेयो हॉस्पिटलपासून सुनील हॉटेलपर्यंतचं, २००० साली मंजूर झालेल्या शहर विकास आराखड्यातलं आहे. ज्या वर्षी हा आराखडा मंजूर झाला त्या वर्षी जन्मलेलं पोर आज पंचविशी ओलांडून गेलं. त्याच्या अख्ख्या आयुष्याइतकी जुनी ही एक ओळ नकाशावर आहे. ती कुणाच्या दुकानाच्या शटरमधून जाते, कुणाच्या ओट्यावरून. या ओळीबद्दल कोण काय बोललं, कोणी विरोध केला, कोणी कशाच्या बदल्यात होकार दिला, याचं एकही नाटक, एकही कादंबरी माझ्या पाहण्यात नाही.

फोनवर ठरतं, चावडीवर जाहीर होतं

आपल्याकडचा राजकीय सिनेमा म्हटलं की आधी आठवतो जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९). अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, विजय तेंडुलकरांची पटकथा. त्याची सुरुवातच मुख्यमंत्र्यांना आलेल्या एका निनावी फोनने होते. या सिनेमात सत्ता फोनवरून वाहते, बंद दारांआड वाहते. लोकांसमोर जे बोललं जातं ते आधीच ठरलेलं असतं. पत्रकार दिगू टिपणीस हे सगळं बघतो आणि शेवटी त्याच्या हाती वेड्यासारखं हसणंच उरतं. 'सिंहासन'चं म्हणणं चूक नाही. पण त्याने मराठी प्रेक्षकाला एक सवय लावली: समोर चाललेल्या सभेकडे बघायचंच नाही, कारण खरं कुठेतरी मागे चाललंय. चाळीसेक वर्षं आपण या हुशारीवर खूश आहोत. सभेकडे पाठ फिरवणाऱ्या हुशार माणसाचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला होतो, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' (२०११) एक पाऊल पुढे जातो. मंगरूळ गावात केशाला दत्ताचं दर्शन होतं आणि गावापुढे प्रश्न येतो: देऊळ की दवाखाना? अण्णांनी दवाखान्याची योजना आणलेली, भाऊ गलांडेंचं राजकारण त्या दोन्हींच्या मध्ये. गिरीश कुलकर्णींचे संवाद इतके जिवंत की बैठकीतला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटतो. भाऊ मूर्ख नाहीत, नास्तिक नाहीत, खलनायकही नाहीत. लोक काय मागतात ते त्यांना कळतं आणि लोकांना काय लागतं तेही. दोन्हींतला फरक त्यांनी आपल्या सोयीने मिटवून टाकला, एवढंच.

तरी 'देऊळ'बद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातली बैठक आपल्याला हसवते. लोक एकमेकांवर ओरडतात, मुद्दा भरकटतो, शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं होतं. चार माणसं एकत्र बसली की शहाणपण बाहेर जातं, असा सिनेमाचा सूर आहे. अण्णा शहाणे आहेत, केशा भाबडा आणि सच्चा आहे, पण दोघेही एकेकटे. शेवटी केशा मूर्ती उचलून नदीकडे जातो, तोही एकटाच. गावात नवी मूर्ती येते. माणूस एकटा चांगला, एकत्र आला की गर्दी. हे पटायला सोपं आहे, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपण रोज हेच बघतो. पण हे मान्य केलं तर दवाखाना कधी होणार? तो एकट्याने बांधता येत नाही.

एक विरोधी मत

सार्वजनिक सभेवरचं जगातलं सगळ्यात गाजलेलं नाटक म्हणजे इब्सेनचं 'लोकशत्रू', १८८२ सालचं. गावातल्या आरोग्यस्नानगृहांचं पाणी दूषित आहे हे डॉक्टर स्टॉकमनला कळतं. गावचा महापौर त्याचा सख्खा भाऊ. चौथ्या अंकात सभा भरते. ती कशी हातातून काढून घेतली जाते हे बघण्यासारखं आहे. आधी अध्यक्ष निवडायचा ठराव येतो. डॉक्टरनेच बोलावलेल्या सभेचा अध्यक्ष दुसराच होतो. मग पाण्याच्या अहवालावर बोलायचं नाही असं ठरतं. सगळं नियमानुसार, संयमाने, मतदान घेऊन. शेवटी डॉक्टरला जनतेचा शत्रू ठरवलं जातं आणि विरोधात पडतं ते फक्त एका दारुड्याचं मत. सत्यजित रायनी १९८९मध्ये 'गणशत्रु' करताना स्नानगृहाच्या जागी देवळातलं चरणामृत आणलं आणि नाटक आपल्या अंगणात येऊन बसलं.

इब्सेनने दाखवलेलं एक सत्य कुठल्याही महापालिकेच्या सभेला लागू पडतं: माणसाचं तोंड बंद करायला लाठी लागत नाही, कार्यपद्धती पुरते. पण इब्सेनचा नायक यातून जो निष्कर्ष काढतो तो मला गिळवत नाही. बहुमत नेहमीच चूक, एकटा उभा राहणारा सगळ्यात बलवान, अशा टोकाला तो जातो. त्याला सभा जिंकायची नसतेच. तो तिचा तिरस्कार करायला लागतो.

त्याच काळात पुण्यात एक माणूस वेगळ्या तऱ्हेने एकटा पडला होता. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला. सभागृहात बत्तीस सभासद. विरोधात मत पडलं एकच, फुल्यांचं. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडईच्या खर्चिक इमारतीलाही त्यांचा विरोध होता. त्या मंडईला आज त्यांचंच नाव आहे. आपल्याकडे इतिहासही मंजुरी देतो ती बहुतेक वेळा कार्योत्तर.

स्टॉकमन आणि फुले यांच्यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. फुल्यांनी सभा सोडली नाही, सभेला शिव्याही घातल्या नाहीत. हरणार हे माहीत असताना ते मत देऊन आले. ते मत नोंदलं गेलं म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय. बाकीच्या एकतीस जणांची नावं तुम्हाला-मला माहीत नाहीत.

कागदाचं वजन

'नुसता ठराव करून काय होतं?' हा प्रश्न नेहमी येतो. त्याचं उत्तर महाडकडे आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा बोले ठराव १९२३ साली मुंबई विधिमंडळात झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४मध्ये त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तळ्यावर जायची मुभा कागदावर होती, प्रत्यक्षात कोणी पाणी भरू देत नव्हतं. मग २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कमी जणांना आठवतं: त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

ठराव नुसता कागद असता तर तो रद्द करायची घाई कोणाला झाली नसती. निरुपयोगी कागद कोणी फाडत बसत नाही. ठराव एकटा काही करत नाही हे खरंच, पण त्याच्या आधारावर कोणीतरी उठून चालायला लागलं की त्याचं वजन सगळ्यांना कळतं. विरोधकांना आधी कळतं.

म्हणून ठरावाची भाषा वाचायला शिकलं पाहिजे. तीही एक साहित्यकृती आहे, फक्त तिला लेखक नसतो. 'मंजुरी प्रदान करण्यात येत आहे', 'कार्यवाही करण्यात यावी', 'विषय अवलोकनार्थ सादर'. या वाक्यांत कर्ता शोधून दाखवा. मराठी कर्मणी प्रयोगाचा इतका सढळ वापर दुसरीकडे सापडणार नाही. सभागृहात बोलणारा माणूस नागपुरी बोलतो. तो म्हणतो, 'अध्यक्ष महोदय, तीन महिने झाले, नाली तशीच हाय, कावून साफ होत नाही?' इतिवृत्तात उरतं: 'सदर विषयावर चर्चा होऊन विषय सर्वानुमते मंजूर.' नाली, राग, तीन महिने, सगळं 'चर्चा होऊन' या दोन शब्दांत गडप.

आणि दोन शब्दप्रयोग तर कथालेखकाने उचलावेत असे आहेत. एक, 'आयत्या वेळचे विषय'. विषयपत्रिकेवर नसलेला, कोणी वाचून न आलेला विषय शेवटच्या दहा मिनिटांत पटलावर येतो, तेव्हा अर्धे लोक चहाला गेलेले असतात. दुसरा, 'कार्योत्तर मंजुरी'. काम झालं, पैसे गेले, आता परवानगी द्या. तातडीच्या कामात दोन्हींची गरज पडते, मान्य. पण एखाद्या वर्षाच्या विषयपत्रिका घेऊन हे दोन शब्द कितीदा आले एवढंच मोजलं, तरी त्या महापालिकेची समीक्षा अर्धी लिहून होईल.

संवाद, मग एकपात्री

महापालिकेची रचना मुळातच नाट्यमय आहे. बोलण्याचा, ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या सभागृहाला. करण्याचा अधिकार आयुक्ताला, आणि त्याला नेमतं राज्य सरकार. महापौर सभेच्या अध्यक्षस्थानी असतो, पण फाइल त्याच्या सहीने हलत नाही. म्हणजे एकाच रंगमंचावर दोन पात्रं: एकाकडे मतं आहेत, एकाकडे सही. त्यांना एकमेकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नसावं, ही यामागची कल्पना.

नागपुरात हे नाटक उघडपणे रंगलं ते २० जून २०२०ला. कोरोनाचे दिवस, अंतर राखायचं म्हणून सभा रेशीमबागेच्या कविवर्य सुरेश भट सभागृहात भरलेली. महापौर संदीप जोशी, आयुक्त तुकाराम मुंढे. वैयक्तिक शेरेबाजी झाली असं म्हणत आयुक्त सभा सोडून निघून गेले. ती क्लिप आपण सगळ्यांनी पाहिली. लगेच दोन तट पडले. एका बाजूला कडक अधिकारी विरुद्ध भ्रष्ट पुढारी, दुसऱ्या बाजूला लोकप्रतिनिधी विरुद्ध हेकेखोर बाबू. ऑगस्टमध्ये आयुक्तांची बदली झाली आणि दोन्ही तटांना आपापला शेवट मिळाला.

या क्लिपची समीक्षा करायची तर मी म्हणेन, प्रवेश चुकीच्या जागी कापला आहे. माणूस उठून जातो तो क्षण आपण हजारदा बघितला. त्याआधी प्रश्न काय विचारला होता? शेऱ्याच्या पलीकडे त्या प्रश्नात काही दम होता का? सभा पुढे तहकूब होऊन पुन्हा भरली, तेव्हा उत्तर काय मिळालं? हे आपण विचारलं नाही, कारण आपल्याला 'सिंहासन'ची सवय आणि 'सिंघम'ची आवड. एकट्या शूर माणसाची गोष्ट आपल्याला हवी असते. सभेला नायक नसतो, म्हणून ती कंटाळवाणी वाटते.

मग नियतीने आपली हौस पुरवली. मार्च २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे असं राज्यघटना सांगते. तरी राज्यभरातल्या महापालिकांमध्ये प्रशासक बसले. नागपुरात हे जवळजवळ चार वर्षं चाललं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ला.

या चार वर्षांत काय होत होतं ते नाटकाच्या भाषेत सांगायचं तर एकपात्री प्रयोग. आयुक्त प्रस्ताव तयार करणार. स्थायी समिती म्हणून तोच तपासणार. सर्वसाधारण सभा म्हणून तोच मंजूर करणार. अंदाजपत्रक मांडणारा आणि मान्य करणारा एकच. इथे कुठल्या अधिकाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा प्रश्नच नाही. माणूस कितीही सज्जन असला तरी स्वतःला 'कावून?' असं विचारत नाही.

किंमत दिसली २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे. ढगफुटीसारखा पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, माणसं गेली. कुठला पूल अरुंद, कुठलं बांधकाम पाण्याच्या वाटेत, जबाबदारी कोणाची, हे प्रश्न दुसऱ्या दिवशी सभागृहात कडाडायला हवे होते. सभागृहच नव्हतं. प्रश्न गेले उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे. कोर्टाने ऐकलं हे बरंच झालं. पण याचिका करायला वकील लागतो, कागद लागतात, सवड लागते. नगरसेवकाच्या दारात जाऊन बोंबलायला यातलं काहीही लागत नाही.

'प्रशासक होता तेव्हा कामं पटापट झाली' हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. झाली असतील. नगरसेवकांच्या सभांमध्ये टेंडरांची वाटणी चालते, हेही सगळेच खोटं बोलत नसतात. पण पटापट होणाऱ्या कामात चुकीचं कामही पटापट होतं आणि ज्याच्या दारातून ते जातं त्याला ते बुलडोझर आल्यावर कळतं. वाईट सभेवरचा उपाय चांगली सभा. सभाच नको म्हणणं म्हणजे नाटक वाईट झालं म्हणून थिएटर पाडणं.

कॅमेरा कुठे ठेवायचा

चांगली सभा कशी दिसते? फ्रेडरिक वाइजमन यांचा 'सिटी हॉल' (२०२०) हा माहितीपट साडेचार तासांचा आहे. बॉस्टन शहराचा कारभार. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, फक्त बैठका. रील बघणाऱ्या अंगठ्यासाठी ही शिक्षा वाटेल. अर्धा सिनेमा मलाही लांबलेला वाटला, महापौर मार्टी वॉल्श यांच्यावर कॅमेरा जरा जास्तच माया करतो. पण त्यात एक लांबलचक प्रसंग आहे: शहरातल्या एका गरीब भागात गांजाचं परवानाधारक दुकान निघणार आहे आणि दुकान काढणारे रहिवाशांसमोर बसलेत. लोक विचारतात, आमच्याच वस्तीत का? नोकऱ्या कोणाला? गाड्या कुठे लागणार? आम्हाला इतक्या उशिरा का सांगितलं? कोणी ओरडून जिंकत नाही, कोणी उठून जात नाही. वाइजमन कापत नाहीत. हळूहळू आपल्या लक्षात येतं की खोलीतली सगळ्यात कमी पगाराची माणसं सगळ्यात नेमके प्रश्न विचारतायत.

'देऊळ'मध्ये जे हसू म्हणून येतं ते इथे अक्कल म्हणून येतं. माणसं तीच. फरक पडतो तो कॅमेरा किती वेळ थांबतो याने.

आता नागपुरात पुन्हा १५१ नगरसेवक निवडून आलेत. कायद्याने सर्वसाधारण सभा दर महिन्याला व्हायला हवी आणि ती लोकांसाठी खुली असते. ती ऐकायला जायचं तर समीक्षक म्हणून जावं असं मला वाटतं. समीक्षकाचे तीनच प्रश्न. विषय आधी वाचायला मिळाला होता की आयत्या वेळी आला? सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाच्या बोलण्याने ठरावातला एक तरी शब्द बदलला का? आणि ज्याने विरोध केला त्याचं नाव इतिवृत्तात राहिलं का? नाटकाला आपण हेच विचारतो: पात्रं तयारीने आली होती का, प्रवेशाच्या शेवटी काही बदललं का, हरणाऱ्याला त्याचं वाक्य मिळालं का.

जुन्या भंडारा रोडचा विषय पुन्हा पटलावर येईल तेव्हा गांधीबागेतल्या एखाद्या दुकानदाराचा, त्याच्याकडे गाठी वाहणाऱ्या हमालाचा आणि रोज त्या कोंडीत अडकणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न एकच नसेल. तिघांचंही बरोबर असेल. दुकान जाईल म्हणणाराही बरोबर, रस्ता हवा म्हणणारीही बरोबर, आणि आमचं कोणी विचारलंच नाही म्हणणारा तर सगळ्यात बरोबर. तिघांनाही खलनायक न करता एका खोलीत बसवायचं आणि शेवटी एक ठराव लिहायचा, ज्यात कर्ता असेल. हे नगरसेवकांना जमेल का माहीत नाही. मराठी नाटककारांनी तरी एकदा प्रयत्न करून बघावा.